लूप हेड, किलनबॉय आणि बुडालेलं शहर: आयर्लंडच्या क्लेअरमधल्या गावनावांच्या गोष्टी

शॅननकर

दुसऱ्या एका धाग्यावर विषय भरकटला तेव्हा मी आयर्लंडमधल्या गावनावांबद्दल दोन-चार ओळी खरडल्या होत्या. 'वेगळा धागा काढा की' असं काहींनी सुचवलं, म्हणून हा प्रपंच. मी राहतो तो भाग म्हणजे काउंटी क्लेअर, देशाचा पश्चिम किनारा, पुढे थेट अटलांटिक. सगळ्या आयर्लंडबद्दल बोलायची माझी ऐपत नाही. क्लेअरपुरतंच लिहितो.

आधी 'टाउनलँड' समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाव असलेली जमिनीची ही सगळ्यात लहान अधिकृत हद्द. अख्ख्या बेटावर अशा 61,000 च्या वर आहेत. नावात टाउन असलं तरी तिथे गाव असेलच असं नाही. चार घरं, एखादं पडकं चर्च, बाकी कुरणं आणि दगडी बांध. काहींत तर आता कुणीच राहत नाही, नाव तेवढं उरलंय. खेड्यात घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, त्यामुळे पत्ता म्हणजे माणसाचं नाव, टाउनलँड आणि जवळचं मोठं गाव. एकाच टाउनलँडमध्ये तीन मॅकमहॉन असले की टोपणनावांवर भागतं, आणि ती पोस्टमनला पाठ असतात. 2015 मध्ये एअरकोड आला, म्हणजे प्रत्येक पत्त्याला अक्षरं-आकडे मिळून स्वतंत्र सात खुणांचा कोड. कुरियरवाल्यांची सोय झाली. बाजारात कुणी भेटलं तर 'कुठले तुम्ही' याला उत्तर अजून टाउनलँडचंच द्यावं लागतं.

ही नावं मुळात आयरिश भाषेतली. 1824 पासून ब्रिटिश सरकारने करआकारणीसाठी अख्ख्या बेटाची मोजणी काढली, एका मैलाला सहा इंच या प्रमाणात. नकाशावर नाव घालायचं तर स्पेलिंग ठरवायला हवं. एकाच जागेची कागदोपत्री पाच-सहा रूपं! ते निस्तरायला जॉन ओ'डोनोव्हन नावाचा आयरिशचा विद्वान गावोगाव पायपीट करायचा, म्हाताऱ्यांकडून उच्चार ऐकायचा, जुन्या हस्तलिखितांशी ताडून बघायचा. 1839 मध्ये तो क्लेअरला आला. सोबत यूजीन ओ'करी, हा क्लेअरचाच, दूनाहाचा. आधी लिमरिकच्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होता आणि पुढे डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक झाला. मूळ आयरिश नाव वहीत नोंदवलं गेलं, पण नकाशावर इंग्रजी वळणाचं रूप छापलं. उच्चार बऱ्यापैकी टिकला. अर्थ मात्र वहीतच राहिला.

नमुना म्हणून किलनबॉय घ्या. कोरोफिनजवळचं गाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी चक्क 'बॉय' आहे. मूळ नाव 'किल इनीने बी', म्हणजे 'बीच्या लेकीचं चर्च'! संत होती ती. तिचं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नाही, बापाच्या नावावरूनच ओळखली गेली, आणि नकाशाने तिचा पार मुलगा करून टाकला. पडक्या चर्चच्या दक्षिण दरवाजावर एक दगडी नग्न स्त्रीमूर्ती आहे, शीला-ना-गिग म्हणतात तसली.

दुसरा नमुना लूप हेड, क्लेअरचं नैर्ऋत्येचं टोक. आयरिश नावाचा अर्थ 'कू-खुलिनची उडी'. लूप हा 'लीप'चाच अपभ्रंश. कू-खुलिन हा इथल्या वीरकथांमधला बिनीचा योद्धा. मल नावाच्या चेटकिणीचं त्याच्यावर मन बसलं. ती मागे, हा पुढे, असे पळत दोघं जमिनीच्या टोकाला आले. समोर समुद्रातून वर आलेला एक सुटा सुळका आहे, त्याने त्यावर उडी मारली. तीही आली. तो परत किनाऱ्यावर उडाला, तिची उडी कमी पडली. प्रेत वाहत उत्तरेला मोहरच्या कड्यांपाशी लागलं. त्या टोकाला हॅग्ज हेड म्हणतात, आणि समुद्राकडे बघत बसलेल्या बाईसारखा खडक तिथे आजही दिसतो. मधल्या उपसागराचं नाव मल बे. एका गोष्टीने साठेक किलोमीटरच्या किनाऱ्यावर तीन नावं टाकली.

बाकी प्रतिसादांत लिहितो. विचारा.

पाटीपेन्सिल

झकास. वाचनखूण साठवली. मोहर म्हणजे काय? आंब्याचा नव्हे हे कळलं :-)

ती मूर्ती वाचून लज्जागौरी आठवली. संबंध असेल का काही?

शॅननकर

मूळ आयरिश शब्द 'मोथर', म्हणजे पडका किल्ला. हॅग्ज हेडवर खरोखरच एक जुना किल्ला होता. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, 1808 च्या सुमारास, टेहळणीचा मनोरा बांधायला त्याचेच दगड उपसले. म्हणजे ज्याच्यावरून कड्यांना नाव पडलं तो किल्ला गेला, मनोरा उभा आहे. पर्यटक फोटो काढतात तो ओ'ब्रायनचा मनोरा वेगळा, 1835 चा. इथल्या जमीनदाराने बांधला. त्याच्याबद्दल गावात म्हणतात की कडे सोडून इथलं सगळं त्यानेच बांधलं.

लज्जागौरीशी तुलना बऱ्याच जणांनी केली आहे. पण शीला-ना-गिग साधारण बाराव्या शतकापासून युरोपातल्या चर्चवर दिसतात. थेट नातं जोडायला मी धजणार नाही.

उंटावरचा शहाणा

गोष्टी छान, पण घोडा आधी की गाडी? नाव आधी असतं, अर्थ विसरला जातो, मग कुणीतरी रिकामटेकडा गोष्ट रचतो. त्याला इतिहास म्हणायचं नाही.

शॅननकर

इतिहास कुणी म्हटलं? आणि हा उद्योग रिकामटेकड्यांचा नव्हता. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये त्याचं शास्त्र होतं, 'दिनशनखस' म्हणजे जागांच्या नावांची विद्या. राजकवीला ती मुखोद्गत हवी. कुठल्याही टेकडीचं नाव घेतलं की तिची कथा पद्यात सांगता यायला पाहिजे. त्यांतल्या पुष्कळ कथा नावाला चिकटवलेल्या आहेत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण पौलनब्रोन. बरेनच्या चुनखडीच्या पठारावरचं दगडी थडगं, दोन उभ्या शिळांवर आडवी शिळा, टपाल तिकिटाला शोभेल असं. 1986 मध्ये उत्खनन झालं. किमान 33 माणसांची हाडं मिळाली, पाच हजार वर्षांहून जुनी. प्रवासी पुस्तकांत नावाचा अर्थ 'दुःखाचा खळगा' देतात, कारण 'ब्रोन' म्हणजे दुःख. थडगं म्हटल्यावर ते चपखल बसतं. पण 'ब्रो' म्हणजे जातं, आणि त्याचं षष्ठीचं रूपही 'ब्रोन'च! 'जात्याचा खळगा' हा अर्थ जास्त संभवतो. शेतकऱ्याने ठेवलेलं नाव वाटतं ते, कवीने ठेवलेलं नव्हे. पण जातं बघायला बस भरून कोण येणार?

शेतकरी नावं कशावरून ठेवतो तेही सांगतो. बरेनमध्ये तळी पावसाळी दिवसांत भरतात आणि उन्हाळ्यात जमिनीखालच्या भेगांतून निघून जातात, मग तिथे गुरं चरतात. त्याला टरलॉक म्हणतात. शब्द इथला, आता जगभरचे भूशास्त्रज्ञ वापरतात. आणि गुरं हिवाळ्यात डोंगरावर चढवायची ही इथली उलटी रीत. बाकी युरोपात उन्हाळ्यात चढवतात. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, पायाखाली चिखल होत नाही, म्हणून हिवाळी गवत वर. अशा जमिनीत कुठलं कुरण कधी लागतं हे नावावरून कळलं पाहिजे.

मोजणीदार

आमच्या खात्याचा विषय निघाला म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. भूमापनात आयुष्य गेलं. त्या आयरिश मोजणीचा आपल्याशी सरळ संबंध आहे, तो इथे नोंदवतो.

मोजणीची सुरुवात पायारेषेपासून होते. सपाट जागेवर काही मैलांची एक रेषा अत्यंत काटेकोर मोजायची आणि मग तिच्यावर त्रिकोण उभारत जायचं. लोखंडी साखळी उन्हात वाढते, थंडीत आखडते. मूळ रेषेतच चूक झाली तर ती सगळ्या त्रिकोणांत पसरते. आयरिश मोजणीचा प्रमुख थॉमस कोल्बी याने पितळ आणि लोखंड जोडून अशी पट्टी केली की दोन्ही धातू कमीजास्त झाले तरी वरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही. लॉक फॉइलजवळची पायारेषा त्याने 1827-28 मध्ये तिने मोजली. जॉर्ज एव्हरेस्ट तेव्हा रजेवर विलायतेत होता. तो 1829 मध्ये आयर्लंडला जाऊन हे बघून आला आणि तशाच पट्ट्या घेऊन 1830 मध्ये हिंदुस्थानात परतला. कलकत्ता, डेहराडून, सिरोंज आणि 1841 मध्ये बीदरची पायारेषा, सगळ्या कोल्बीच्या पट्ट्यांनी. म्हणजे शॅननकरांच्या ओ'डोनोव्हनच्या मोजणीतलं हत्यार आणि आमच्या बीदरचं हत्यार एकाच घराण्यातलं.

नावांच्या बाबतीत आमच्याकडे ओ'डोनोव्हन नव्हता, हे खरं दुखणं.

गोदाकाठ

काका, भारी माहिती!

मी क्लेअरच्या हद्दीलगत राहते, गॉर्टला. ते गॉलवे काउंटीत येतं, पण गोष्ट सीमेवरची आहे म्हणून घुसते. गॉर्ट म्हणजे शेत. पूर्ण नावात 'ग्वारे'ही येतो, सातव्या शतकातला कॉनॉट प्रांताचा राजा, दानशूर म्हणून प्रसिद्ध.

त्याच काळातला संत कोलमन बरेनमध्ये स्लीव्ह कॅरनच्या कड्याखाली गुहेत तप करत होता, सोबत एक सेवक. चाळीस दिवसांचा उपास संपला, ईस्टरचा दिवस उजाडला, आणि खायला काही नाही. सेवक कुरकुरला. तिकडे राजा ग्वारे मेजवानीला बसतोय तोच ताटं उचलली गेली आणि खिडकीतून उडत निघाली! राजा आणि सरदार घोड्यांवरून मागे. ताटं गुहेपाशी उतरली. मंडळी जवळ आली तर घोड्यांचे पाय खडकाला चिकटले. संताने प्रार्थना केली तेव्हा सुटले. त्या फरसबंद खडकाला 'बोहर न मीस' म्हणतात, ताटांचा रस्ता. चुनखडीत जे खळगे आहेत ते खुरांचे ठसे.

मला आवडतो तो शेवट. इतक्या दिवसांच्या उपासानंतर सेवकाने ताटावर असा ताव मारला की तो तिथेच मेला. त्याची कबरही दाखवतात. डॉक्टर लोक सांगतात ना, उपास सोडताना सावकाश :-)

संताकडे एक कोंबडा, एक उंदीर आणि एक माशीही होती. कोंबडा पहाटे उठवायचा, उंदीर डुलकी लागू द्यायचा नाही, आणि वाचताना उठावं लागलं तर माशी त्या ओळीवर बसून राहायची.

कुंपणापलीकडे

माशी हवीय मला!

परीच्या झाडासाठी हमरस्ता वळवला ते क्लेअरच ना? की तीही थापच?

शॅननकर

थाप नाही, 1999 ची गोष्ट. लटून नावाची जागा, मी रोज त्याच रस्त्याने जातो. एनिस-लिमरिक रस्त्याच्या नव्या बांधकामात एक एकटं व्हाइटथॉर्नचं झुडूप आडवं येत होतं. एडी लेनिहान हा इथला नामांकित कथाकार आणि लोककथांचा संग्राहक. त्याने वर्तमानपत्रांत जाहीर पत्रं लिहिली: मन्स्टर प्रांतातली 'ती मंडळी' कॉनॉटच्या मंडळींशी लढायला जाताना या झाडाखाली जमतात. तोडाल तर त्या रस्त्यावर अपघात होतील. परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत बातमी गेली. शेवटी आराखड्यात बदल करून झाड वाचवलं. 2002 मध्ये रात्रीतून कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटून टाकल्या, तरी ते पुन्हा फुटलं. आजही उभं आहे.

'परी' मात्र म्हणू नका. पंखवाली, जादूची कांडीवाली तसं काही नाही. माणसाएवढी असतात, गुरं पाळतात, हर्लिंग (काठी-चेंडूचा इथला खेळ) खेळतात, भांडतात आणि भयंकर मानी. म्हातारी माणसं त्यांचं नाव घेत नाहीत, 'भली माणसं' म्हणतात.

त्यांचं घर म्हणजे 'लिस'. गोल मातीचा बांध, मध्ये मोकळी जागा. देशात असे 40,000 च्या वर आहेत. गावनावातलं 'लिस' हेच: लिसडूनवार्ना, लिसकॅनर.

उंटावरचा शहाणा

आणि प्रत्यक्षात ती हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची कुंपणवाली घरं. सरकारी पैशाने भुताचं झाड वाचवायचं याला संस्कृती म्हणायचं तर म्हणा.

गोदाकाठ

शहाणे, घरं होती हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी बापाने त्यात नांगर घातला नाही, म्हणून तर ती हजारोंनी उरली. पुरातत्त्वाच्या कायद्याआधी कितीतरी शतकं भीतीनेच राखण केली. पुढे बुलडोझर आले तेव्हा पुष्कळ सपाटही झाली, आणि त्या त्या घराण्याचं पुढे काय झालं त्याच्या गोष्टी आल्याच.

उंटावरचा शहाणा

राखण झाली हे मान्य. कारण मान्य नाही.

शॅननकर

शहाण्यांसाठी एक खास. फीकल नावाचं गाव, पूर्व क्लेअर. अर्थ 'दात'. संताचा दात जिथे पडला तिथे चर्च बांधलं म्हणून. त्याच भागात बिडी अर्ली राहायची, जडीबुटीवाली. 1874 मध्ये वारली. निळ्या बाटलीत बघून भविष्य सांगायची, पाद्री तिच्या नावाने खडे फोडायचे. क्लेअरचा हर्लिंगचा संघ 1914 नंतर 1995 पर्यंत अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकला नाही, आणि गावोगाव कारण एकच: बिडीचा शाप. आता ज्या संघटनेची ही स्पर्धा आहे ती स्थापन झाली 1884 मध्ये. म्हणजे म्हातारीने मरणोत्तर, तेही नसलेल्या स्पर्धेला शाप दिला! 1995 ला जिंकल्यावर 'शाप उतरला' म्हणून लोक मोकळे. त्यानंतर 1997, 2013 आणि 2024.

कुंपणापलीकडे

हाहाहा. 'किल' फार दिसतंय नावांत. इंग्रजीत वाचायला भीती वाटते.

शॅननकर

किल म्हणजे चर्च, लहानशी जुनी मठी. घोटाळा असा की 'कोइल' म्हणजे रान, आणि नकाशावर त्याचंही बरेचदा 'किल'च झालं. त्यामुळे एखादं किलमोर मोठ्या चर्चचं की मोठ्या रानाचं, हे इंग्रजी स्पेलिंगवरून सांगता येत नाही. मूळ रूप शोधावं लागतं.

चर्चवाल्या 'किल'चंच एक रूप क्लेअरमध्ये 'कॅलुरा' असं येतं. एनिस्टायमनजवळ त्या नावाच्या टाउनलँड आहेत. कॅलुरा म्हणजे बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना पुरायची जागा. चर्चच्या नियमाने त्यांना पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. बाप रात्रीच्या अंधारात पेटी घेऊन जायचा, कुठल्या तरी पडक्या चर्चच्या आवारात किंवा लिसमध्ये पुरायचा, आणि उशाला बिननावाचा दगड. विसाव्या शतकातही हे चालू होतं. अलीकडे गावांनी अशा जागा साफ करून तिथे प्रार्थना केल्या, फलक लावले. याबद्दल इथे कुणी गप्पांत बोलत नाही. मीही कधी विचारलेलं नाही.

आणि नावं हरवली त्याचं मोठं कारण दुष्काळ. 1841 ला क्लेअरची लोकसंख्या 2,86,000 होती. 1845 पासून बटाटा सडला, माणसं मेली, उरली ती अमेरिकेच्या बोटीत बसली. 2022 च्या गणनेत आकडा सुमारे 1,28,000 आहे, म्हणजे अजून निम्म्याच्याही खाली. टाउनलँडचं नाव नकाशावर होतं म्हणून वाचलं. शेताचं, खडकाचं, ओढ्यातल्या डोहाचं नाव फक्त तिथे राबणाऱ्याला माहीत. तो गेला की संपलं.

पाटीपेन्सिल

मग ही सगळी माहिती तुम्हाला मिळते कुठून? पबमध्ये?

शॅननकर

पबमध्ये अर्धी, आणि ती तपासून घ्यावी लागते. बाकीची पोरांच्या वह्यांतून. तुम्ही शिक्षिका ना? मग हे तुमच्यासाठीच.

1937 ते 1939 मध्ये आयरिश लोककथा आयोगाने देशातल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांना काम दिलं. पाचवी-सहावीच्या वयाच्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायचं. 55 विषयांची यादी होती: गावातली नावं, पुरलेलं धन, पवित्र विहिरी, घरगुती औषधं, हवामानाची लक्षणं, लोहाराची भट्टी, दुष्काळाच्या आठवणी. निबंधाच्या तासाला निबंधाऐवजी हे. 50,000 हून जास्त मुलांनी लिहिलं. आज सगळं मिळून 7,40,000 पानं आहेत, आणि त्यांतली बरीचशी 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. नावांसाठी 'लोगअनिम' हे वेगळं संकेतस्थळ आहे. त्यावर एकेका टाउनलँडची जुनी रूपं सनावळीसकट दिली आहेत.

मी जिथे राहतो त्या भागातली पानं काढून बघितली. बारा वर्षांच्या मुलीने लिहिलंय की अमुक शेतात खोदू नका, आणि खाली आजोबांचं वय. निबंध म्हणून भिकार, पण कुठल्या कुंपणाच्या कुठल्या बाजूला ते अचूक.

पाटीपेन्सिल

हे आमच्या शाळेत करायलाच हवं. पुढच्या वर्षी सहावीला लावते कामाला. 55 विषयांची यादी मिळेल का?

शॅननकर

व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. नावांच्या विषयापासून सुरू करा, मुलांना त्यात मजा येते.

कुंपणापलीकडे

शीर्षकातलं बुडालेलं शहर राहिलं की हो!

शॅननकर

खरंच की. किलस्टिफीन. लिसकॅनरच्या उपसागरात, लाहिंचसमोर, पाण्याखाली आहे म्हणतात. दर सात वर्षांनी वर येतं, सोन्याच्या कळसांसकट. ज्याला दिसेल तो पुढचं दर्शन घ्यायला जिवंत राहत नाही. राजाने लढाईत किल्ली हरवली म्हणून ते बुडालं, आणि किल्ली आहे स्लीव्ह कॅलन डोंगरावर, कोनान नावाच्या वीराच्या कबरीत. ती सापडली की शहर कायमचं वर.

उंटावरचा शहाणा

आता कुणी द्वारका आणू नका, विनंती. कबर उकरून बघितली का कुणी?

शॅननकर

कबरीवर ओघम या जुन्या आयरिश लिपीतला एक दगड आहे. अठराव्या शतकात विद्वानांनी तो उजेडात आणला आणि मोठा गाजावाजा केला. नंतरच्या विद्वानांना त्यावरची अक्षरं ताजी वाटली, बनावट असल्याचा संशय घेतला गेला, आणि त्यावरून बरीच वर्षं जुंपली होती. म्हणजे किल्ली खरी असली तरी कुलूप खोटं असण्याची शक्यता आहे, तुम्हाला आवडेल असं.

उंटावरचा शहाणा

हे मात्र आवडलं. त्या डोंगराचा नकाशा टाका, उन्हाळ्यात डब्लिनला भाच्याकडे येतोय.